साधी मॉडेल्स आणि सिम्युलेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं संशोधन सांख्यिकीय भौतिकीतलं आहे: साधी मॉडेल्स आणि कॉम्प्युटरवर केलेली त्यांची सिम्युलेशन्स. विद्यार्थी, शिक्षक, इंजिनीअर आणि केवळ कुतूहलापोटी लिहिणारे वाचक याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीची उत्तरं कुणालाही वाचता येतील. ११ व्या प्रश्नापासून पुढे, ज्यांनी स्वतः थोडाफार कोड लिहिला आहे अशांच्या शंका जास्त आहेत.

१. तुम्ही नेमका कशाचा अभ्यास करता?

असंख्य छोटे घटक एकत्र आले की जे घडतं त्याचा. पाण्याचा एकटा रेणू गोठत नाही. लोखंडाचा एकटा अणू तापवून त्याचं चुंबकत्व घालवता येत नाही. रस्त्यावर एकच गाडी असेल तर कोंडी होत नाही. गोठणं, चुंबकत्व जाणं, कोंडी होणं हे समूहाचे गुण आहेत. घटकांचे नियम साधे असूनही समूह असा का वागतो, आणि त्या नियमांतला कोणता भाग त्यासाठी खरोखर लागतो, हे मला शोधायचं असतं. यातल्या दुसऱ्या प्रश्नात माझा जीव जास्त आहे. मॉडेलमधून एखादी गोष्ट काढून टाकली आणि तरी परिणाम तसाच राहिला, तर त्या गोष्टीचा परिणामाशी संबंध नव्हता हे कळतं. मला हे कळणं अचूक आकडा मिळण्याइतकंच मोलाचं वाटतं.

२. साधं मॉडेल म्हणजे किती साधं? एखादं उदाहरण द्याल का?

इझिंग मॉडेल घ्या, कारण या पानावर ते सारखं येणार आहे. चौकटींची एक जाळी आहे आणि प्रत्येक चौकटीत एक बाण, वर तोंड केलेला किंवा खाली. शेजारचे दोन बाण एकाच दिशेला असले तर ऊर्जा कमी, विरुद्ध असले तर जास्त. तापमान बाणांना वाटेल तसं उलटवू पाहतं. मॉडेल इथेच संपलं. बहुतेक बाण एका दिशेला असतील तर तो चुंबक. निम्मे वर आणि निम्मे खाली असतील तर नाही.

विल्हेल्म लेन्झ यांनी हे १९२० मध्ये सुचवलं आणि आपला विद्यार्थी अर्न्स्ट इझिंग याला सोडवायला दिलं. इझिंगने एका रांगेतल्या बाणांचं गणित पूर्ण केलं. १९२५ मध्ये छापलेल्या त्या निबंधात त्याने दाखवलं की निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला ती रांग चुंबक होत नाही. कारण समजायला सोपं आहे. रांगेत 'इथपर्यंत वर, इथून पुढे खाली' अशी एक सीमा तयार करायला ठरावीक ऊर्जा लागते, रांग कितीही लांब असो. पण ती सीमा कुठेही पडू शकते आणि रांग लांब होईल तशा या जागा वाढत जातात. त्यामुळे शेवटी अव्यवस्थाच जिंकते.

तीन मितींतही असंच होईल, हा इझिंगचा पुढचा तर्क मात्र चुकला. सपाट जाळीत उलट्या बाणांचं बेट तयार करायचं तर त्याच्या पूर्ण किनाऱ्याची किंमत मोजावी लागते, आणि बेट मोठं होतं तशी ती वाढते. त्यामुळे कमी तापमानाला व्यवस्था टिकते, हे रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९३६ मध्ये दाखवलं. व्यवस्था नेमकी कोणत्या तापमानाला मोडते ते क्रेमर्स आणि वानियर यांनी १९४१ मध्ये काढलं, आणि १९४४ मध्ये लार्स ऑन्सागर यांनी सपाट जाळीचं मॉडेल पूर्ण सोडवलं. शेजाऱ्यांमधल्या बंधाची ताकद १ धरली तर ते तापमान, म्हणजे क्रांतिक तापमान, २.२६९ येतं. तीन मितींचं अचूक उत्तर अजून कुणाकडे नाही. तिथला ४.५११ हा आकडा सिम्युलेशनमधून आला आहे.

३. मॉडेल आणि सिम्युलेशन एकच ना?

नाही. मॉडेल म्हणजे नियम. ते नियम कॉम्प्युटरकडून पाळून घेऊन काय होतं ते पाहणं म्हणजे सिम्युलेशन. ऑन्सागर यांनी मॉडेल सोडवलं, पण सिम्युलेशन केलं नाही. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण चूक दोन वेगळ्या ठिकाणी होऊ शकते: नियमच त्या प्रश्नाला लागू नसतील (प्रश्न १२), किंवा नियम बरोबर असून हिशेब चुकला असेल (प्रश्न ८).

४. निसर्ग इतका गुंतागुंतीचा असताना मुद्दाम इतकं साधं मॉडेल घेऊन काय कळणार?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे.

काही प्रश्नांची उत्तरं तपशिलावर अवलंबून नसतात. प्रयोगात मोजून तसं दिसलं आहे. १९४५ मध्ये एडवर्ड गुगेनहाइम यांनी निऑन, अर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन या आठ पदार्थांच्या द्रव आणि वायू रूपांतल्या घनता एकाच आलेखावर मांडल्या. प्रत्येकाचं तापमान आणि घनता त्याच्या स्वतःच्या क्रांतिक बिंदूच्या मापात मोजली होती. क्रांतिक बिंदू म्हणजे जिथे द्रव आणि वायू यांतला भेदच संपतो ती जागा. आठही पदार्थांचे बिंदू एकाच वक्रावर आले.

पुढचा भाग मला आजही थक्क करतो. क्रांतिक बिंदूकडे जाताना द्रव आणि वायू यांच्या घनतेतला फरक एका विशिष्ट घातांकाने शून्याकडे जातो, आणि तो घातांक सुमारे ०.३२६ आहे. तीन मितींच्या इझिंग मॉडेलमध्ये चुंबकत्व ज्या घातांकाने नाहीसं होतं, तोही ०.३२६ च आहे. त्या मॉडेलमध्ये रेणू नाहीत, त्यांचा आकार नाही, हालचाल नाही, एकमेकांवर आदळणं नाही. सपाट जाळीत तोच घातांक अचूक १/८ असतो. चेन निंग यांग यांनी १९५२ मध्ये तो गणिताने सिद्ध केला.

असं का होतं? क्रांतिक बिंदूजवळ एकमेकांच्या साथीने बदलणारे पट्टे वाढत वाढत अणूंमधल्या अंतराच्या कितीतरी पट मोठे होतात. एवढ्या मोठ्या पट्ट्यांच्या वागण्यात अणूपातळीचा तपशील सरासरीत विरून जातो. मागे उरतात फक्त काही गोष्टी: मिती किती, सममिती कोणती, बळ किती लांबवर पोहोचतं. लिओ कडानॉफ यांनी ही कल्पना मांडली आणि केनेथ विल्सन यांनी तिला गणिताचं रूप दिलं. त्यासाठी विल्सन यांना १९८२ चं नोबेल मिळालं. म्हणून अशा ठिकाणी साधं मॉडेल घेणं ही तडजोड ठरत नाही. तपशील गेला तरी जे टिकतं, तेच आपल्याला मोजायचं असतं.

५. मग मोठी, तपशीलवार मॉडेल्स निरुपयोगी म्हणायची का?

मुळीच नाही. प्रश्नाप्रमाणे मॉडेल बदलतं. पृथ्वीचं तापमान हे चांगलं उदाहरण आहे. पृथ्वी जेवढी ऊर्जा घेते तेवढीच बाहेर टाकते, असं एका ओळीचं समीकरण मांडलं की उणे १८ अंश सेल्सिअस येतं. प्रत्यक्षात जमिनीजवळचं सरासरी तापमान १५ च्या आसपास आहे. या ३३ अंशांच्या फरकातूनच कळतं की वातावरण काहीतरी मोठं काम करतं आहे. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये हवेचा फक्त एक उभा स्तंभ घेतला. त्यात ना समुद्रप्रवाह होते ना खंड. कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर तापमान सुमारे २.३ अंशांनी वाढेल, असं त्या स्तंभातून निघालं. मानाबे यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यामागे हे काम होतं. पण कुठल्या प्रदेशात पाऊस किती बदलेल हे तो स्तंभ सांगू शकत नाही. त्यासाठी समुद्र, डोंगर, ढग असलेलं मोठं मॉडेलच लागतं. मोठ्या मॉडेलमधून आलेलं उत्तर समजून घ्यायला मात्र पुन्हा त्या स्तंभाकडेच यावं लागतं.

६. मॉन्टे कार्लो पद्धत नेमकं काय करते? सरळ हिशेब का नाही करत?

कारण तो शक्य नाही. १०० बाय १०० च्या जाळीत १०,००० बाण असतात. त्यांच्या एकूण मांडण्या म्हणजे २ चा १०,००० वा घात, आणि ती संख्या ३,०११ अंकी आहे. एकेक मांडणी मोजत बसणारा कॉम्प्युटर कधीच तयार होणार नाही.

सुदैवाने त्यातल्या बहुतेक मांडण्या दिलेल्या तापमानाला जवळजवळ कधीच दिसत नाहीत. म्हणून ज्या मांडण्या दिसायला हव्यात त्यांच्यातूनच, योग्य त्या प्रमाणात, भटकायचं. एक बाण निवडा. तो उलटवल्याने ऊर्जा कमी होणार असेल तर उलटवा. वाढणार असेल तरी कधीकधी उलटवा. वाढ जितकी जास्त आणि तापमान जितकं कमी, तितकी परवानगी दुर्मिळ. हे लाखो वेळा करा आणि सरासरी काढा.

ही कृती १९५३ च्या एका निबंधात आली. तिला निकोलस मेट्रोपोलिस यांचं नाव चिकटलं, पण लेखक पाच होते: मेट्रोपोलिस, एरियाना आणि मार्शल रोझेनब्लुथ, ऑगस्टा आणि एडवर्ड टेलर. लॉस अलामॉसमधल्या मॅनिअॅक या कॉम्प्युटरवर त्यांनी २२४ कडक चकत्यांचा अभ्यास केला. त्या चकत्यांची पुढची गोष्ट प्रश्न १८ मध्ये आहे.

७. मॉलेक्युलर डायनॅमिक्स यापेक्षा वेगळं कसं?

मॉन्टे कार्लोमध्ये घड्याळ नसतं. तिथे फक्त मांडण्यांची वारंवारता खरी असते. मॉलेक्युलर डायनॅमिक्समध्ये कण न्यूटनच्या नियमांनी खरोखर पुढे सरकतात: बळ काढा, वेग बदला, जागा बदला, पुन्हा बळ काढा. अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये ८६४ अर्गॉन अणूंचा द्रव ९४.४ केल्विनला असा चालवला. प्रत्येक पाऊल सेकंदाच्या १०० लाख कोटीव्या भागाचं होतं. त्यातून निघालेली अणूंची रचना आणि विसरणाचा, म्हणजे अणू पसरत जाण्याचा, वेग प्रयोगांशी जुळला. द्रवात अणू नेमका कसा हलतो हे पहिल्यांदाच एवढं स्पष्ट दिसत होतं. विसरण, श्यानता, उष्णतेचं वहन अशा वेळेशी बांधलेल्या राशी हव्या असतील तर ही पद्धत घ्यावी. फक्त समतोलातल्या सरासऱ्या हव्या असतील तर बहुधा मॉन्टे कार्लो स्वस्तात पडतं.

८. सिम्युलेशनचं उत्तर बरोबर आहे हे कशावरून?

आधी जिथे अचूक उत्तर माहीत आहे तिथे कोड चालवायचा. सपाट इझिंग जाळीत २.२६९ येत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. ऑन्सागर यांच्या गणिताचा हा रोजचा उपयोग आहे, आणि जगभर होतो.

मग सुरुवात बदलायची: एकदा सगळे बाण वर ठेवून, एकदा विस्कटून. दोन्ही वाटा एकाच सरासरीला पोहोचल्या नाहीत तर समतोल आलेला नाही. त्यानंतर जाळीचा आकार बदलायचा (प्रश्न ९) आणि रँडम आकडे देणारा जनरेटर बदलायचा (प्रश्न १३). शक्य असेल तर दुसऱ्या माणसाने, पहिला कोड न पाहता, दुसऱ्या पद्धतीने तेच मॉडेल चालवायचं. या शेवटच्या तपासणीवर माझा सर्वांत जास्त विश्वास आहे आणि तीच सर्वांत कमी केली जाते.

९. खऱ्या वस्तूत १ वर २३ शून्यं इतके कण असतात. तुमच्याकडे काही हजार. मग?

पहिली अडचण पृष्ठभागाची. ८६४ अणूंचा ठोकळा घेतला तर जवळपास निम्मे अणू त्याच्या बाहेरच्या थरात असतील, आणि मग आपण द्रव सोडून त्याचा पृष्ठभागच मोजत बसू. म्हणून उजव्या बाजूने बाहेर पडलेला कण डावीकडून आत येतो अशी सोय केली जाते. त्यामुळे पेटीला भिंतच उरत नाही. क्रांतिक बिंदूपासून दूर असाल तर एवढ्यावर काही हजार कण छान काम देतात.

क्रांतिक बिंदूजवळ ते पुरत नाही, कारण प्रश्न ४ मधले पट्टे पेटीएवढे होतात. पण तिथे आकाराचा परिणाम हीच माहिती असते. मायकेल फिशर यांनी दाखवलं की तो परिणाम त्याच घातांकांनी बांधलेला असतो. १९८१ मध्ये कुर्ट बाइंडर यांनी एक राशी सुचवली. वेगवेगळ्या आकारांच्या जाळ्यांसाठी तिचे आलेख काढले की ते जवळजवळ एकाच बिंदूत छेदतात, आणि तो बिंदू अनंत मोठ्या जाळीचं क्रांतिक तापमान दाखवतो. छोट्या पेट्यांमधून अनंताचा आकडा वाचता येणं, ही या क्षेत्रातली मला सर्वांत देखणी वाटणारी युक्ती आहे.

१०. सिम्युलेशनमधून कधी पूर्ण अनपेक्षित काही निघालं आहे का?

हो, आणि अगदी सुरुवातीच्या काळातच. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता, स्तानिस्लाव उलाम आणि मेरी त्सिंगू यांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या ६४ कणांची साखळी कॉम्प्युटरवर चालवली. प्रोग्रॅम त्सिंगू यांनी लिहिला होता. स्प्रिंगांत किंचित वाकडेपणा होता, म्हणजे ताण अंतराच्या नेमक्या प्रमाणात नव्हता. एका कंपनात भरलेली ऊर्जा हळूहळू सगळ्या कंपनांत वाटली जाईल अशी अपेक्षा होती. ती थोड्या कंपनांत पसरली आणि काही काळाने जवळजवळ सगळी पहिल्या कंपनात परत आली. १९५५ च्या त्या अहवालानंतर दहा वर्षांनी झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी त्याचा संबंध आकार न बदलता धावणाऱ्या लाटांशी जोडला आणि त्यांना सॉलिटॉन हे नाव दिलं. ऊर्जा समान वाटली जायला नेमकं काय लागतं, यावर आजही संशोधन चालू आहे.

दुसरा निकाल १९५७ चा. बर्नी आल्डर आणि थॉमस वेनराइट यांनी कडक गोळे घेतले. ते एकमेकांना ओढत नाहीत, फक्त एकमेकांत घुसत नाहीत. तरीही दाट केल्यावर ते स्फटिकासारखे रांगेत बसले. ओढणारं बळ नसताना घन तयार होणं तेव्हा अनेकांना पटेना. यामागे एन्ट्रॉपी आहे: रांगेत बसल्यावर प्रत्येक गोळ्याला स्वतःभोवती हलायला जास्त मोकळीक मिळते. जागेचा ४९.४ टक्के भाग गोळ्यांनी भरला की गोठणं सुरू होतं आणि ५४.५ टक्क्यांना सगळा घन होतो. १९८६ मध्ये पुसी आणि व्हॅन मेगेन यांनी द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकच्या गोळ्यांमध्ये हा स्फटिक प्रत्यक्ष पाहिला.

११. केऑसमुळे एक अंक इकडचा तिकडे झाला तरी सगळं बदलतं. मग कणांच्या सिम्युलेशनवर विश्वास कसा ठेवायचा?

शंका अगदी बरोबर आहे. एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाच्या छोट्या मॉडेलमध्ये ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ भरलं आणि काही काळाने वेगळंच हवामान मिळालं. द्रवातल्या अणूंचं तर याहून लवकर बिघडतं: कॉम्प्युटरच्या शेवटच्या अंकातली तफावत सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही खूप कमी वेळात वाढून प्रत्येक अणूची वाट बदलते. म्हणजे आपण काढलेला मार्ग 'खरा' मार्ग नसतोच.

पण मार्ग आपल्याला नकोच असतो. दाब, ऊर्जा, विसरण या सरासऱ्या आहेत, आणि त्या सगळ्या मार्गांवर सारख्याच येतात. त्यासाठी अट एक: आकडेमोडीच्या पद्धतीने न्यूटनच्या नियमांचा सांगाडा जपला पाहिजे. शाळेत शिकवतात तशी सरळ पुढे ढकलणारी ऑयलर पद्धत तो जपत नाही. तिच्यात ऊर्जा सतत वाढत जाते. लुप व्हर्ले यांनी १९६७ मध्ये वापरलेली पद्धत काळ उलटा फिरवला तरी तशीच चालते, आणि तिच्यात ऊर्जा थोडी वरखाली होत राहते पण वाहून जात नाही. तुमच्या कोडमध्ये एकूण ऊर्जा एका दिशेने सरकत असेल तर केऑसला दोष देऊ नका. पाऊल मोठं आहे किंवा बळाच्या सूत्रात गफलत आहे.

१२. साधं मॉडेल फसतं कधी?

जो प्रश्न तपशिलावर अवलंबून आहे तो त्याला विचारला की. लोखंडाचं चुंबकत्व १,०४३ केल्विनला जातं. इझिंग मॉडेल हा आकडा कधीही देणार नाही. क्रांतिक तापमान प्रत्येक पदार्थाचं वेगळं असतं आणि तिथे इलेक्ट्रॉनचे तपशील हवेतच.

यापेक्षा फसवी गोष्ट म्हणजे मॉडेलचं नाव आणि वस्तूचं नाव एकच असणं. १९८७ मध्ये पेर बाक, चाओ तांग आणि कुर्ट विझेनफेल्ड यांनी वाळूच्या ढिगाचं मॉडेल मांडलं. चौकटीत चार कण झाले की ती कोसळते आणि चार शेजाऱ्यांना एकेक कण देते. कुणीही काही न जुळवता त्यात लहानमोठ्या सर्व आकारांच्या घसरणी होतात. कोसळण्याचा क्रम बदलला तरी शेवट तोच राहतो हे दीपक धर यांनी १९९० मध्ये दाखवलं, आणि त्यामुळे या मॉडेलचं बरंच काही अचूक सोडवता आलं. गणित म्हणून ते फार सुंदर आहे. पण प्रयोगशाळेतली खरी वाळू तशी वागली नाही. १९९६ मध्ये ऑस्लोमधल्या गटाने तांदळाचे ढीग करून पाहिले: लांब दाण्यांच्या ढिगात मॉडेलसारख्या घसरणी मिळाल्या, गोलसर दाण्यांत नाहीत. घसरताना कणांचा वेग किती टिकून राहतो, हा तपशील इथे काढून टाकण्याजोगा नव्हता.

१३. कॉम्प्युटरचे रँडम आकडे खरे रँडम नसतात. त्याने फरक पडतो?

बहुतेक वेळा नाही. पडतो तेव्हा मात्र गुपचूप पडतो. १९९२ मध्ये फेरेनबर्ग, लँडाउ आणि वाँग यांनी सपाट इझिंग मॉडेलवर चांगले समजले जाणारे जनरेटर तपासले. बाणांचे पुंजके एकदम उलटवणाऱ्या वोल्फ पद्धतीत त्यातल्या एका नावाजलेल्या जनरेटरने ऊर्जेचं उत्तर स्पष्ट चुकवलं, तर एका जुन्या, साध्या जनरेटरने बरं उत्तर दिलं. एकेक बाण उलटवताना नावाजलेल्या जनरेटरचा तो दोष दिसला नव्हता. म्हणजे 'चांगला जनरेटर' असं एकट्याने काही नसतं. पद्धत आणि जनरेटर यांची जोडी तपासावी लागते.

१४. क्रांतिक तापमानाजवळ माझा कोड संपतच नाही. काय चुकतंय?

बहुधा काहीच नाही. तिथले पट्टे प्रचंड असतात आणि एकेक बाण उलटवून ते पुसायला फार वेळ लागतो. सपाट जाळीची बाजू दुप्पट केली की मेट्रोपोलिस पद्धतीला (प्रश्न ६) सुमारे साडेचार पट फेऱ्या लागतात, आणि प्रत्येक फेरीही (प्रत्येक बाणाला सरासरी एकेक संधी) चौपट लांब होते. स्वेंडसेन आणि वांग यांनी १९८७ मध्ये, आणि उली वोल्फ यांनी १९८९ मध्ये, अख्खे पुंजके उलटवण्याच्या पद्धती दिल्या. त्यांनी ही अडचण जवळजवळ संपते. वापरताना प्रश्न १३ लक्षात असू द्या.

१५. सिम्युलेशनही हात टेकतं अशी मॉडेल्स आहेत का?

आहेत. एकमेकांशी जोराने भिडणारे इलेक्ट्रॉन घेतले की मॉन्टे कार्लोमधल्या 'शक्यता' धन आणि ऋण दोन्ही येऊ लागतात. दोन्ही बाजूंचे मोठे आकडे एकमेकांना खोडतात आणि उरतो तो नुसता गोंगाट. कण वाढतील तशी लागणारी मेहनत घातांकी वेगाने वाढते. मथियास ट्रॉयर आणि उवे-येन्स वीझे यांनी २००५ मध्ये दाखवलं की सर्व मॉडेल्सना लागू पडेल असा सोपा तोडगा मिळण्याची आशा जवळजवळ नाही. विशिष्ट मॉडेलपुरत्या वाटा मात्र सापडत राहतात. काचेसारख्या पदार्थांत अडचण वेगळी: नियम साधे असतात, पण समतोल येण्याइतका वेळ आपल्या हातात नसतो.

१६. वाहतूक, साथी, लोकांची मतं, यात भौतिकीवाल्यांचं काय काम?

वाहतुकीत काम नक्की आहे. काई नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग यांच्या १९९२ च्या मॉडेलमध्ये रस्ता म्हणजे चौकटींची रांग. गाडी वेग वाढवते, पुढची गाडी जवळ आली तर कमी करते, कधीकधी विनाकारण थोडा कमी करते, आणि पुढे सरकते. त्या 'विनाकारण' नियमामुळे अपघात किंवा अडथळा नसतानाही कोंडी तयार होते आणि मागे सरकत जाते. २००८ मध्ये छापलेल्या एका जपानी प्रयोगात २३० मीटर घेराच्या वर्तुळावर २२ गाड्या एकाच वेगाने चालवायला सांगितलं, आणि तिथे अशीच कोंडी उभी राहिली.

साथींबाबत मी जपून बोलते. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांच्या १९२७ च्या मॉडेलमधून साथ पसरायला उंबरठा असतो हे कळतं, आणि ते फार महत्त्वाचं आहे. पण पुढच्या महिन्याचे रुग्ण किती, हे त्याला विचारू नये. साथीची बातमी ऐकून माणसं वागणं बदलतात; अणू तसं करत नाहीत. मतांच्या मॉडेल्सबद्दल माझा आक्षेप जास्त आहे: त्यांतली बरीच कोणत्याही मोजमापाशी ताडून पाहिलेलीच नाहीत.

१७. मशीन लर्निंग आल्यावर साध्या मॉडेल्सची गरज उरली का?

मशीन लर्निंगचं एक मूळ इथेच आहे. जॉन हॉपफिल्ड यांचं १९८२ चं स्मृतीचं मॉडेल म्हणजे इझिंगचे बाण, फक्त प्रत्येक जोडीतला बंध वेगळा. जेफ्री हिंटन आणि सहकाऱ्यांनी त्यात तापमान आणून बोल्ट्झमन मशीन केलं. २०२४ चं भौतिकीचं नोबेल या दोघांना मिळालं. कणांमधली बळं पटकन काढायला मीही अशी साधनं वापरते. पण आकडा बरोबर सांगणं आणि तो कशामुळे आला हे सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामासाठी मला अजून साध्या मॉडेलइतकं चांगलं साधन दिसलेलं नाही.

१८. इतकं साधं मॉडेल असेल तर प्रश्न पटकन सुटत असेल ना?

प्रश्न ६ मधल्या चकत्या पाहा. टेबलावर सपाट ठेवलेल्या, एकमेकींत न घुसणाऱ्या गोल चकत्या. दाट करत गेलं तर त्या गोठतात का, आणि कशा? १९५३ च्या २२४ चकत्यांनी निर्णय दिला नाही. १९६२ मध्ये आल्डर आणि वेनराइट यांना ८७० चकत्यांमध्ये द्रव आणि घन शेजारी शेजारी असल्याची चिन्हं दिसली. १९७० च्या दशकात नवा सिद्धांत आला: घन आणि द्रव यांच्यामध्ये हेक्झॅटिक नावाची एक अवस्था असते, जिच्यात रांगा मोडलेल्या असतात पण दिशा टिकून असतात, आणि दोन्ही बदल सलग होतात. मग वाद चालूच राहिला, कारण पेटी लहान असली की दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. २०११ मध्ये एतिएन बर्नार आणि वेर्नर क्राउथ यांनी नव्या पद्धतीने दहा लाखांहून जास्त चकत्या चालवल्या. हेक्झॅटिक अवस्था आहे, पण द्रवातून तिच्यात जाताना घनतेत उडी लागते. पुढे घनात जाणं मात्र सलग. म्हणजे दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या बरोबर होत्या. दुसऱ्या गटांनी वेगळ्या पद्धतींनी ते ताडून पाहिलं, आणि २०१७ मध्ये सूक्ष्म कणांच्या प्रयोगातही तेच दिसलं. एका ओळीत सांगता येणाऱ्या मॉडेलला अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला.

१९. मला स्वतः सुरुवात करायची आहे. कुठून करू?

पर्कोलेशनपासून. चौकटींची जाळी घ्या, प्रत्येक चौकट ठरावीक शक्यतेने भरा, आणि भरलेल्या चौकटींवरून वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जाता येतं का ते पाहा. शक्यता ०.५९२७ च्या आसपास गेली की वाट अचानक मिळू लागते. यात वेळ नाही, ऊर्जा नाही, त्यामुळे चुकायला जागा कमी, आणि तरी क्रांतिक बिंदूचं सगळं नाट्य आहे. जाळी मोठी करत जा आणि तो बदल किती टोकदार होतो ते स्वतः पाहा. त्यानंतर सपाट इझिंग मॉडेल.

सुरुवातीला पायथॉन पुरतं. मोठ्या जाळ्यांना सी प्लस प्लस किंवा फोर्ट्रान घ्या. साधा लॅपटॉप चालतो. दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. सुरुवातीच्या फेऱ्या, समतोल येईपर्यंतच्या, सरासरीत धरू नका. आणि लागोपाठच्या मांडण्या एकमेकींसारख्या असतात, म्हणून दहा हजार मोजमापं म्हणजे दहा हजार स्वतंत्र मोजमापं नव्हेत. त्यांचे मोठे गट पाडून गटांच्या सरासऱ्यांवरून त्रुटी काढा, नाहीतर ती खोटी लहान दिसेल.

२०. मी एक नवीन मॉडेल बनवलं आहे. पाहाल का?

जरूर. पाठवताना नियम एवढे पूर्ण लिहा की तुमचा कोड न पाहता मला ते चालवता येतील. मॉडेल कोणत्या प्रश्नासाठी आहे ते एका वाक्यात लिहा, आणि काय निघालं तर तुम्ही ते मॉडेल सोडून द्याल हेही लिहा. कोणत्या टोकाला ते आधीच सुटलेल्या मॉडेलसारखं होतं ते माहीत असेल तर कळवा. मी सगळ्यात आधी तिथेच तपासते. आलेखांसोबत जाळीचा आकार, फेऱ्यांची संख्या आणि रँडम जनरेटरचं सीड द्या, म्हणजे तोच आलेख मला इकडे काढता येईल.